केसर थळकर यांस नोटीस

उलवे,
१२ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, इथे सगळे बरे आहेत. तूच म्हणतोस ना, फोनवर मी तुझं वाक्य मधेच तोडते आणि कागदावर ते तोडता येत नाही? होस्टेलला होते तेव्हापासूनची आपली ही सवय मला मोडायची नाहीये. शिवाय ही बातमी फोनवर सांगितली असती तर तू "बरं बरं" म्हणून फोन मामीच्या हातात दिला असतास.

बातमी अशी की 'चकवा' माझा होतोय!

म्हणजे तो शब्द. नीट सांगते. मी 'चकवा' मालिकेचं पहिलं पुस्तक लिहिलं तेव्हा 'पानोपानी' ॲपवर असल्या गोष्टींना नावसुद्धा नव्हतं. माणूस ओळखीच्या वाटेवर चुकतो, फिरून फिरून त्याच जागी येतो, आणि त्यामागे काहीतरी असतं. आता तिथे त्यांचा वेगळा कप्पाच झालाय, 'चकवाकथा' नावाचा. माझं तिसरं पुस्तक चाललं आणि बघता बघता लिहिणाऱ्यांची रांग लागली. 'घाटातला चकवा', 'हायवेवरचा चकवा', एकाने तर 'मॉलमधला चकवा' लिहिलाय, त्यात माणसाला पार्किंगमधून बाहेर पडता येत नाही. वाचक माझं समजून त्यांचं पुस्तक उघडतात आणि शिव्या मला घालतात.

म्हणून निकेत म्हणाला, ट्रेडमार्क घे. (निकेत म्हणजे माझ्या पुस्तकांचं सगळं बघतो तो. मागच्या गणपतीत आला होता आणि मामीकडे तीनदा तूप मागितलं होतं.) अर्ज केलाय. अर्ज केला की शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत टीएम लावता येतं. नव्या मुखपृष्ठावर लावलंय, फार रुबाबदार दिसतं.

एका ऑडिओ कंपनीला माझी मालिका हवी आहे, पण 'चकवा' हे नाव दुसऱ्या कुणाचं नसेल तरच. मामा, बँकेतली नोकरी सोडून मला दीड वर्ष झालं. आई अजून शेजारणींना सांगते की मी रजेवर आहे. हे जमलं तर माझी ती रजा एकदाची संपेल. मला हे किती हवंय ते तुला वेगळं सांगायला नको.

तर आता तुझं काम. आम्ही सगळ्या चकवावाल्यांना नोटिसा पाठवल्यात, नाव बदला नाहीतर पुस्तक काढायला लावू. त्यातली एक बाई तुमच्या थळचीच दिसते. केसर थळकर. पुस्तकाचं नाव 'दुपारचा चकवा'. ना फोटो, ना पत्ता. तू अख्खं गाव ओळखतोस. ही कोण बाई आहे, काय करते, भांडखोर आहे का, एवढं काढून दे ना.

तुझी,
रुचिका


थळ,
१८ जानेवारी

चि. रुचिकास मामाचे आशीर्वाद, आणि मामीचे सुकटीसकट. सुकट वेगळ्या पिशवीत आहे, पत्राला वास लागला तर पोस्टाला दोष देऊ नकोस.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आता वाट चुकली तं काय बोलायचा? आधी पोरीला फोन करून इचारायचा?" मी म्हटलं, तशीच वेळ आहे. शेजारच्या गुणाजीला तर मी ताकीदच दिली. परवा वाडीत पोपटी लावली होती. वालाच्या शेंगांचं मडकं रिकामं झाल्यावर गुणाजी घरी जायला निघाला तो दोन आळ्या पलीकडे निघाला. बायको आवडाबाई विचारते, कुठं होतात, तर हा म्हणतो, चकवा लागला. मी म्हटलं, गुणाजी, जपून. तो शब्द आमच्या भाचीचा आहे, उद्या दारात नोटीस येईल. आवडाबाई म्हणाली, "येऊ द्या. खरा काय लागलेला ता मी लिवून देते."

मुखपृष्ठ पाहिलं. शब्दाच्या कानात डूल घातल्यासारखं ते टीएम दिसतं. डूल छान आहे. पण बाळ, शब्दाचा कान कुणी टोचला ते मला कळलं नाही.

तुला आपला चकवा आठवतो का गं? तू चौथीत होतीस. मी कारखान्यातून नाइट करून आलो होतो, झोप झाली नव्हती, आणि तुला खाजणात तिवरांतले खेकडे दाखवायला घेऊन गेलो. भर दुपारची वेळ. भरती आली की पाणी ज्या बांधाला लागतं त्याच बांधावरून चालायचं, चुकायला जागाच नाही. वर खत कारखान्याची चिमणी, थळात कुठूनही दिसते. तर ती चिमणी डाव्या हाताला होती आणि डाव्या हातालाच राहिली. किती चाललो तरी डाव्या हातालाच. तू रडायच्या बेतात. मग आपण रीतीप्रमाणे केलं. अंगावरचं कापड उलटं करून घातलं, मी सदरा, तू फ्रॉक. जागेवर बसलो आणि घरच्या माणसाला हाक मारली. आणि मामीची ओ आली, "हितंच हाय ना मी!" दहा हातांवर, बांधाच्या मागं, ती लाकडं गोळा करत होती.

असो. केसर थळकरचं म्हणशील तर नाव ऐकल्यासारखं वाटतं. थळ काही लहान गाव नाही, बंदराकडे वेगळी वस्ती, शेतीवाल्यांची वेगळी. शोधतो. नोटीस टपालाने धाडली की ॲपवरून, तेवढं कळव. कागद हातात पडलेला माणूस चेहऱ्यावरून ओळखता येतो.

तुझा,
जीवनमामा


उलवे,
२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

सुकट मिळाली. शेजारच्यांनाही मिळाली, न देता, वासाने.

नोटीस ॲपवरून गेली होती आणि आता विषय पुढे गेलाय. 'पानोपानी'ने आमची तक्रार मान्य करून पाचही जणांची पुस्तकं काढून टाकली! मॉलवाल्याने लगेच 'मॉलमधली भूल' असं नाव करून परत लावलं, घाटवाला ओंकार नावाचा एक मुलगा आहे, त्याने मला समाजमाध्यमांवर चेटकीण म्हटलं. निकेत म्हणतो, दुर्लक्ष कर, यशाबरोबर हे येतं. मी दुर्लक्ष करते आहे. दिवसातून पंधरा-वीसदा उघडून बघून दुर्लक्ष करते आहे.

पण तुझी ती केसर! तिचं उत्तर वाच. जसंच्या तसं उतरवते:

"महोदया, नोटीस पोचली. चकवा हा शब्द माझा नाही, तसा आपलाही नाही. तो ज्याला लागेल त्याचा असतो, आणि तोसुद्धा सुटेपर्यंतच. आपण अर्जाबरोबर चकव्याची संमती जोडली आहे काय? नसल्यास तो आपणास गाठेल तेव्हा विचारून घ्यावी. आपली नम्र, केसर थळकर."

बघितलास उद्धटपणा? निकेतला हसू आलं, म्हणून मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. आणि भाषा तरी काय, जुन्या मास्तरणीसारखी. कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते, माझ्याच पुस्तकातून ढापली असणार. तिचं पुस्तक मी उघडलेलंसुद्धा नाही, उघडणारही नाही. नक्कल वाचायला मला वेळ नाही.

तू तपास केलास की नाही ते लिही. मामा, मला तुझी फार मदत आहे रे. आईपाशी यातलं काही बोलता येत नाही.

तुझी,
रुचिका


थळ,
९ फेब्रुवारी

चि. रुचिका,

केसर थळकर सापडली.

तू म्हणतेस तशी उद्धट नाही. हट्टी आहे. वय साठीच्या पुढे. गुडघे दुखतात. डॉक्टरांनी साखर बंद केली आहे तरी चहात चोरून घालते आणि पकडली गेली की मुंग्यांवर ढकलते. लग्न झालेलं आहे. घरच्या माणसाला तिचा ताप आहे, कारण लिहायला बसली की गॅसवरचं दूध उतू जातं. दिसायला म्हणशील तर बाईमाणसाबद्दल मी काय लिहू? फार देखणी नाही.

तुझी मामी आणि ती एकमेकींना चांगल्या ओळखतात. मामीचं तिच्याबद्दलचं मत मी इथे लिहीत नाही.

मी तिला विचारलं, बाई, ह्या वयात ही लिहायची हौस कुठून? तर म्हणाली, माझ्या घरातलं एक माणूस लिहायला लागलं, ते वाचून मला वाटलं की हे तर मलाही येतं. आणि लोकांनी वाचलं गं पोरी! फार नाही, पण वाचलं. दिघीच्या जेट्टीवर येसूबाई म्हणून कुणी एक आहे. फेरीबोट आगरदांड्याहून परत येईपर्यंत खोळंबलेल्या लोकांना ती ही गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची. तिने केसरला निरोप धाडला होता की एक माणूस ऐकता ऐकता बोटीत चढायचाच राहिला. एवढं कौतुक केसरचं जन्मात झालं नव्हतं.

मग पुस्तक काढलं गेलं. त्या दिवशी ती जेवली नाही. वालाचं बिरडं होतं तरी.

मी तुझा मामा आहे, तुझ्या बाजूला उभा राहणार, त्यात बदल नाही. पण मनातलं बोलतो. तुझ्या गोष्टी तुझ्या आहेत, त्यांना कुणी हात लावला तर मी काठी घेऊन येईन. शब्दाचं मात्र मला पटत नाही. मच्छी विकायला बसलेल्या बाईने उद्या 'ताजी' हा शब्द नोंदवून घेतला, तर शेजारणीने ओरडायचं काय?

राग मानू नकोस. पांढरा कांदा निघाला आहे, माळ लावून ठेवतो.

तुझा,
जीवनमामा


उलवे,
३ मार्च

प्रिय मामा,

राग मानला होता, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आता लिहिते आहे, कारण अडले आहे.

ट्रेडमार्कच्या कार्यालयातून हरकत आली. म्हणतात, 'चकवा' हा लोकांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द, शिवाय त्या प्रकारच्या गोष्टींचंच ते नाव, तो एकीला कसा द्यायचा? आता आम्हाला उत्तर द्यायचंय की गोष्टींच्या बाबतीत हा शब्द माझ्यामुळेच ओळखीचा झाला. त्यासाठी कोकणातल्या एखाद्या जुन्या, जाणत्या माणसाचं प्रतिज्ञापत्र हवं. तू दे ना, मामा. मजकूर निकेतने केलाय, सोबत जोडते:

"मी, जीवन म्हात्रे, राहणार थळ, असे लिहून देतो की माझ्या भाचीच्या पुस्तकापूर्वी 'चकवा' या नावाची गोष्ट मी या भागात कधी ऐकली नाही व सांगितली नाही."

फक्त सही करून पाठव. ऑडिओवाले महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत. ते गेले की मला परत कुठल्यातरी बँकेच्या काउंटरवर बसावं लागेल, आणि आई शेजारणींना सांगेल की रजा संपली.

आणि एक विचारते, स्पष्टच. त्या केसरचा तुला एवढा कळवळा का? तिचे गुडघे, तिची साखर, तिचं जेवण! मामीला ठाऊक आहे का तू तिच्याकडे इतका जातोस ते?

तुझी,
रुचिका


उलवे,
३ मार्च

प्रिय मामी,

हे पत्र मामाला दाखवू नकोस. गावात केसर थळकर नावाची कुणी बाई आहे का गं? मामाचं तिच्याकडे जाणं-येणं आहे असं वाटतं. तिच्याबद्दल तो ज्या मायेने लिहितो ते वाचून मला बरं वाटलं नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. या वयात माणसं कधीकधी वाहवतात. मी आहे तुझ्याबरोबर. शनिवारी येऊ का?

तुझी,
रुचिका


थल,
९ मार्च

रुचिका बाय,

तुझा कागद मिलाला. तुमच्यासारखा मला लिवता येत न्हाय, बोलते तशी लिवते. कागद वाचून मी इतकी हसली का आवडाबाई पलत आली, तिला वाटला मला काय झाला.

केसर कोन इचारतेस. केसर म्हंजे तुझ्या आजीची म्हस. तू जन्मायच्या आधी गेली. गरीब जनावर होता, दूध लय द्यायची. तिचाच नाव तुझ्या मामानं घेतलाय. ती बाई आमच्याच घरात हाय. रोज सकाली चाय झाली का माझ्या शिलाई मशीनीवर मोबाइल ठेवून लिवाय बसते, बनियन घालून. मिशी पन हाय. साखर चोरते ता खरा. मी सगल्यांना सांगते, मामा मोबाइल शिकतो, जशी तुझी आय रजा सांगते.

मी इचारला, आपल्या नावानं का न्हाय लिवत? तर म्हनला, रुचिकाला कलला तर मामा म्हनून चांगला बोलेल, मला खरा कलायचा न्हाय.

तुझी नोटीस आली त्या दिवशी पैला हसला. म्हनला, बघ, भाची मला महोदया म्हनते. मंग पुस्तक काढला, तवा हसला न्हाय. बिरडा तसाच ठेवून उठला. तुला सांग म्हनली तर बोलला, पोरीची रजा संपू दे, माझा काय, मला पेन्शन हाय.

आता तो सहीचा कागद. पेन घेतला, ठेवला, परत घेतला. "सांगितली न्हाय" असा लिवलाय ना त्यात? तुला मांडीवर घेऊन कोनी सांगितली मंग? मी कागद हातातनं घेतला नि तांदलाच्या डब्यात टाकला. त्याचा हात सही करील गो, तुझ्यासाठी. मी करू द्यायची न्हाय.

केसरचा पुस्तक मी गुनाजीच्या पोरीकडनं छापून घेतला होता, चश्म्याला बरा पडतो. ता धाडते. आधी वाच, मंग काय करायचा ता कर.

तुझी मामी,
काशी

शनिवारी ये. मी वाहवली न्हाय, तू पन नको वाहवू.


उलवे,
१६ मार्च

प्रिय मामा,

'दुपारचा चकवा' वाचलं.

पहिल्या पानावर लिहिलंयस, "जिने एकदा भर दुपारी, माझ्यावर विश्वास ठेवून, फ्रॉक उलटा घातला, तिला." मी तिथेच थांबले. चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. मग पुढे वाचायला लागले ते संपेपर्यंत उठले नाही. मामा, किती सुंदर लिहितोस तू! ती चिमणी, ते खेकडे, बांधावरचा तो उन्हाचा वास. माझ्या पुस्तकात माणसं चुकतात तेव्हा वाचक घाबरतो. तुझ्या पुस्तकात चुकतात तेव्हा मला त्यांच्याबरोबर चुकावंसं वाटलं. हे मी भाची म्हणून लिहीत नाहीये. भाची म्हणून लिहायचं तर मला तुझा भयंकर राग आलाय. मला महोदया म्हणायला लावलंस, म्हशीवर संशय घ्यायला लावलंस, आणि मामीला मी जे पत्र लिहिलं ते आठवलं की उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

आणि मी पुस्तक न उघडताच नक्कल म्हटलं. नक्कल माझीच होती. माझ्या पहिल्या पुस्तकातला तो नायक, त्याला मंदिराचा कळस सारखा एकाच हाताला दिसत राहतो. मुलाखतीत मी सांगितलं होतं की ही कल्पना मला एका पहाटे सुचली. मामा, खरंच तसं वाटत होतं रे. ती चिमणी होती हे मला आत्ता कळलं.

अर्ज मागे घेतला. 'पानोपानी'ला कळवलंय की माझी कुणाबद्दलच तक्रार नाही, पाचही पुस्तकं परत लावा. तुझं कालच लागलं. घाटवाल्या ओंकारला फोन करून माफी मागितली, तर तो म्हणाला, "ताई, चेटकीण काढून टाकू की राहू दे? लाइक बरेच आलेत." मी म्हटलं, राहू दे. ऑडिओवाल्यांनी पहिल्यांदा नको म्हणून सांगितलं. मग निकेतने त्यांना विचारलं की मालिकेला 'रुचिका ठाकूरच्या चकवाकथा' म्हटलं तर? माझं नाव तरी माझंच आहे ना? विचार करतो म्हणालेत. नाही म्हणाले तर काउंटर आहेच. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण त्या प्रतिज्ञापत्राचं आठवलं की जास्त भीती वाटते. तू सही केली असतीस. मी ती घेतली असती.

मला चकवा लागला होता, मामा. टीएम नाही, साधा. चिमणी सगळा वेळ डाव्या हाताला दिसत होती.

शनिवारी येते. रीतीप्रमाणे.

तुझी,
रुचिका


थळ,
२४ मार्च

प्रति,
रुचिका ठाकूर, उलवे

विषय: 'चकवा' हा शब्द वापरण्याबाबत.

महोदया,

आपण दि. २२ रोजी पनवेल-अलिबाग एसटीने, अंगात निळा कुर्ता उलटा घालून, शिवणी बाहेर आणि मानेमागे धुण्याच्या सूचनांचं लेबल फडफडत, असा प्रवास केलात. वडखळला कंडक्टरने "ताई, कुर्ता उलटा झालाय" असे सांगितले असता आपण "ठाऊक आहे, चकवा लागलाय" असे उत्तर दिलेत. त्यावर तो "मग अलिबागला उतरून जरा बसा, लगेच पुढं जाऊ नका" म्हणाला, असे आपल्याच तोंडून कळले. सदर कंडक्टरने हा शब्द कुणाच्याही परवानगीशिवाय वापरला याची आम्ही समाधानपूर्वक नोंद घेतली आहे.

त्यानंतर आपण आमच्या आळीत आलात. आवडाबाईने वाटेत अडवून विचारले, तिला काही सांगितले नाहीत. सरळ आमच्या पायरीवर बसलात. हेही रीतीला धरून झाले. पुढची रीत अशी की घरच्या माणसाला हाक मारायची. आम्हाला वाटले, आपण मामीला हाक माराल. मामीसुद्धा ओ द्यायला तोंडात घास अडवून दाराआड उभी होती.

परंतु आपण हाक मारलीत ती "केसऽऽर!" अशी. तीही अशी की बंदरापर्यंत ऐकू जावी.

महोदया, हे नाव आम्ही मोबाइलवर हजारदा लिहिले असेल. तोंडाने ते आम्हाला कुणी कधी म्हटले नव्हते. मशीनवर बनियनमध्ये बसलेल्या माणसाला काय करावे सुचेना. ओ दिली तर आळीला कळणार. न दिली तर दारातली पोर तशीच वाट चुकलेली राहणार. म्हणून दिली. आवाज जरा घोगरा आला, त्याला कारण साखर नव्हे.

तेव्हापासून आमचे हाल विचारू नयेत. गुणाजी सकाळी "केसर, उठलीस का गं?" म्हणून जातो. मासळी बाजारात आवडाबाईने सगळ्यांना सांगितले. आज पोस्टमनसुद्धा दारात उभा राहून म्हणाला, "केसर थळकर आपणच ना? दिघीहून येसूबाईंचं कार्ड आहे." आमचे पुस्तक परत दिसू लागल्याबद्दल त्यांनी अभिनंदन केले आहे आणि परवा दोन माणसं बोटीत चढायची राहिली असे कळवले आहे. ह्या सगळ्याची जबाबदारी सर्वस्वी आपली आहे. आम्ही तिच्याबद्दल आपले जन्मभर ऋणी आहोत.

शब्दाविषयी आमची काही हरकत नाही. आपण लिहा, ओंकारने लिहावे, मॉलवाल्यालाही त्याचा चकवा परत द्यावा, बिचारा अजून पार्किंगमध्येच आहे. ऑडिओवाल्यांचा होकार आल्याचे रात्री फोनवर आपल्या आईने सांगितले. ती शेजारणींना सांगत सुटली आहे. रजेचा उल्लेख केला नाही. मला फार आनंद झाला, रुचू. इथे नोटिशीची भाषा मोडली, मोडू दे.

पुन्हा कधी वाट चुकलीस तर कापड उलटं करायच्या आधी हाक मार. आम्ही दोघं हितंच हाय.

आपली नम्र,
केसर थळकर

ता. क. हे नाव मुळात जिचं होतं, ती असती तर मला तिची परवानगी घ्यावी लागली असती. तुझी आजी सांगायची, तिला काहीही विचारलं तरी मान हलवायची, म्हणून मी हो धरून चाललो आहे.